इटालियन मोटरसायकल सांभाळायची तर आधी तारखा बघा

अकरा वर्षांपूर्वी मी माझी इटालियन मोटरसायकल घेतली तेव्हा तिचं वय नऊ वर्षं होतं आणि मीटरवर जेमतेम ६,४०० किलोमीटर होते. फार फिरलेली नाही म्हणजे नव्यासारखीच, असं मी धरून चालले. पहिल्या सर्व्हिसला मेकॅनिकने इंजिनवरचं झाकण काढलं, टायमिंग बेल्ट सोडवून दोन बोटांत उलटा वाकवला आणि दातांच्या मुळाशी गेलेल्या केसाएवढ्या चिरा मला दाखवल्या. "ताई, किलोमीटर बघू नका, तारीख बघा," एवढंच म्हणाला. बेल्ट कारखान्यातून आले तेच होते, नऊ वर्षांचे.

त्या दिवशी मी एक वही घातली. तिच्यात प्रत्येक कामाची तारीख आधी लिहिते, किलोमीटर नंतर. आज मीटरवर ७१,००० आहेत आणि या सगळ्या काळात गाडी मला रस्त्यात सोडून गेली ती एकदाच. त्याबद्दल पुढे सांगतेच.

इटालियन गाड्या बेभरवशाच्या असतात हे वाक्य तुम्ही ऐकलं असेलच. माझा अनुभव असा की त्यातल्या बऱ्याच गाड्या चालून खराब होत नाहीत, उभ्या राहून होतात. सुंदर गाडी, म्हणून ती झाकून ठेवली जाते आणि महिन्यातून एकदा निघते. तेवढ्यात बॅटरी उतरते, पेट्रोल शिळं होतं, रबर कडक होतं, कनेक्टरच्या पिनांवर हिरवा थर चढतो. मग कधीतरी लांबच्या प्रवासाला काढली की एकामागून एक काहीतरी सुटत जातं आणि बोल गाडीला लागतो.

घेताना काय बघायचं

कमी किलोमीटरला भुलू नका. बारा वर्षांची, ५,००० किलोमीटर झालेली गाडी आणि बारा वर्षांची, ४०,००० झालेली पण दरवर्षी सर्व्हिसची नोंद असलेली गाडी समोर असेल तर मी डोळे झाकून दुसरी घेईन.

इंजिन कोणत्या जातीचं आहे हे नीट समजून घ्या, कारण पुढची सगळी देखभाल त्यावर ठरते. डुकाटीची ओळख म्हणजे डेस्मो, व्हॉल्व्ह उघडण्या-मिटण्याची तिची खास रचना. नेहमीच्या इंजिनात फिरणारा कॅम हा व्हॉल्व्ह, म्हणजे झडप, उघडतो आणि स्प्रिंग तो मिटवते. फार वेगात स्प्रिंग मागे पडते. डुकाटीचे अभियंते फाबियो तालिओनी यांनी स्प्रिंगच्या भरवशावर न राहता मिटवण्यासाठीही वेगळा कॅम आणि वेगळा रॉकर (कॅमची हालचाल व्हॉल्व्हपर्यंत नेणारी दांडी) दिला. १९५६ साली १२५ सीसीच्या रेसिंग गाडीवर ही रचना आली आणि स्वीडनमधली पहिलीच शर्यत जिंकली. १९६८ पासून ती रस्त्यावरच्या गाड्यांतही आली. मालकाच्या बाजूने याचा अर्थ सरळ आहे: प्रत्येक व्हॉल्व्हला मोजायच्या फटी दोन, उघडण्याची एक आणि मिटण्याची एक. दोन्ही शिम, म्हणजे पातळ चकत्या, बदलून जुळवाव्या लागतात, म्हणून वेळ लागतो. हे काम कधी झालं, कोणी केलं, कागद आहे का, हा विकणाऱ्याला विचारायचा पहिला प्रश्न.

दुसरा प्रश्न बेल्टचा. १९८० च्या दशकापासून डुकाटीच्या बहुतेक दोन सिलिंडरच्या इंजिनांत कॅम फिरवायला दातेरी रबरी बेल्ट असतो. तो तुटला तर पिस्टन उघड्या व्हॉल्व्हवर आदळतो आणि व्हॉल्व्ह वाकतात. जुन्या मॉडेल्सना दोन वर्षांची मुदत होती, नंतरच्या बऱ्याच मॉडेल्सना पाच वर्षांची. आपल्या मॉडेलची मुदत पुस्तिकेत बघा आणि ती तारखेवर पाळा, गाडी हललीसुद्धा नसेल तरी. बेल्ट एकाच जागी वळून राहतो तेव्हा तिथेच त्याला मोड पडते.

कंपनीने स्वतःही वाट बदलली आहे. २०२१ च्या मल्टिस्ट्राडा व्ही४ मध्ये डेस्मो नाही, साध्या स्प्रिंग आहेत आणि व्हॉल्व्हची तपासणी ६०,००० किलोमीटरवर सांगितली आहे. लांब फिरणाऱ्याने याचा विचार जरूर करावा.

मोटो गुझीचा स्वभाव अगदी वेगळा. १९२१ पासून कोमो सरोवराच्या काठी मांदेल्लो देल लारिओ इथे या गाड्या बनतात. १९६७ च्या व्ही७ पासून तिथली ओळख म्हणजे आडवं बसवलेलं व्ही-ट्विन (व्ही आकारातलं दोन सिलिंडरचं इंजिन), दोन्ही सिलिंडर टाकीखालून दोन बाजूंना बाहेर डोकावणारे. ते तिथे वाऱ्यासाठी आहेत, पण टॅपेट, म्हणजे व्हॉल्व्हच्या फटी, सेट करताना त्यांची खरी किंमत कळते. हवेवर थंड होणाऱ्या गुझीवर ना टाकी उतरवायची, ना फेरिंग (गाडीचं बाहेरचं आवरण). झाकणाचे बोल्ट काढा, फीलर गेज (फट मोजायची पातळ पट्टी) सरकवा, नट सैल करून स्क्रू फिरवा. शिवाय चेनऐवजी शाफ्ट आहे, म्हणजे चेनची साफसफाई आणि ताण हा विषयच नाही. पहिली इटालियन गाडी कोणती घ्यावी असं मला विचारलंत, आणि स्वतःच्या हाताने काम करायची आवड असेल, तर मी गुझीच सांगते. उभ्या गाडीला रेस दिलीत की ती एका बाजूला झुकल्यासारखी होते. क्रँकशाफ्ट लांबीच्या दिशेने बसवलेला असल्यामुळे तसं होतं, दोष नाही. चालू लागली की जाणवतही नाही.

नोआलेच्या अप्रिलिया आणि वारेसेच्या एमव्ही ऑगुस्ताबद्दल मी जास्त बोलत नाही, कारण त्या मी थोड्याच चालवल्या आहेत. एवढं नक्की सांगते: कुठल्याही लहान कारखान्याची गाडी घेण्याआधी तिचे ब्रेक लिव्हर, क्लच प्लेट, केबल आणि इंडिकेटर किती दिवसांत मिळतात याची चौकशी करा. इंजिनाचे मोठे भाग क्वचितच लागतात. गाडी महिनोन्महिने अडकते ती लिव्हरसाठी.

आणखी तीन गोष्टी बघा. जुन्या डुकाटीत क्लच दाबल्यावर डब्यात खडे हलवल्यासारखा खडखडाट येतो. तो कोरड्या क्लचचा नेहमीचा आवाज आहे, त्याला घाबरू नका. क्लच सोडताना गाडी झटके देत असेल तर मात्र प्लेटा आणि बास्केट तपासून घ्या. दुसरं, क्लचच्या स्लेव्ह सिलिंडरखाली (ऑइलच्या दाबाने क्लच सोडवणारा भाग) बोट फिरवा. ओलसर लागलं आणि वरच्या डबीतलं ऑइल काळं असेल तर सील गेलेलं आहे. तिसरं, २००० च्या दशकातल्या काही मॉडेल्सना प्लास्टिकच्या टाक्या होत्या. इथेनॉल मिसळलेल्या पेट्रोलने त्या फुगतात आणि मग टाकी बसवताना मागचा बोल्ट त्याच्या भोकाशी जुळत नाही. विकणाऱ्यासमोर टाकी एकदा उचलून परत बसवून बघा.

१९९० च्या दशकातल्या डुकाटी बघायला गेलात तर साइड स्टँडवर लक्ष ठेवा. काही मॉडेल्सवर तो वजन उतरताच स्प्रिंगने आपोआप मिटतो. उतारावर, तोंड खाली करून उभी केलेली गाडी हलकेच पुढे सरकली की आडवी झालीच.

देखण्या आकाराच्या मागचं काम

१९९४ ची डुकाटी ९१६ मासिमो तांबुरीनी यांनी आखली. सीटखालून निघणारे दोन सायलेन्सर आणि मागच्या चाकाला एकाच बाजूने धरणारा आर्म, हे रूप पुढे कितीतरी गाड्यांनी उचललं. त्याआधीच्या वर्षी आलेली मिगेल गालुत्सी यांची मॉन्स्टर अगदी उलट्या वाटेने गेली: फेरिंग काढून टाकली, नळ्यांची जाळीदार फ्रेम आणि इंजिन उघडं ठेवलं. मला मॉन्स्टरचा विचार अधिक पटतो. जे दिसतं ते पुसलं जातं आणि जे पुसलं जातं त्यातली गळती लवकर लक्षात येते.

आकार आवडला म्हणून गाडी घेणं चुकीचं नाही, मीही तशीच घेतली. पण त्या आकाराची कामं माहीत असावीत. सीटखाली सायलेन्सर असेल तर थांबून थांबून चालताना मांड्यांना धग लागते आणि तिथेच जवळ असलेली वायरिंगही तापते. डुकाटीचा पुढचा सिलिंडर जवळजवळ जमिनीला समांतर, पुढच्या चाकाच्या मागे असतो. चिखल आणि बारीक खडी सगळी त्याच्या थंड होण्यासाठीच्या पात्यांत (फिनमध्ये) बसते आणि त्याचा स्पार्क प्लग काढण्याआधी हवेचा झोत मारला नाही तर ती वाळू थेट सिलिंडरमध्ये जाते.

एका बाजूचा आर्म असेल तर चेनचा ताण एक्सेंट्रिक हबने, म्हणजे केंद्र एका बाजूला असलेल्या गोल हबने, जुळवतात. मोठे बोल्ट सैल करायचे, हुकच्या पान्ह्याने हब फिरवायचा, बोल्ट परत टॉर्क रेंचने कसायचे. हब फिरवला की चेनबरोबर गाडीची मागची उंचीही किंचित बदलते. चाक वाकडं बसण्याची भीती यात नाही, ही मोठी सोय. पण चेन जास्त ताणून ठेवू नका. सस्पेन्शन दबताना गिअरबॉक्सच्या बाहेर येणाऱ्या शाफ्टच्या बेअरिंगवर ती ओढ पडते. थोडी सैल परवडली, ताठ नको.

वीज

मला रस्त्यात सोडलं ते वीजपुरवठ्याने. रात्रीची वेळ होती. हेडलाइट पिवळा पडत गेला, मग मीटरवर इंजिनचा, एबीएसचा असे तीन दिवे एकाच वेळी लागले आणि पाच मिनिटांत इंजिन बंद. बॅटरी नवीन होती. दुसऱ्या दिवशी वीज तयार करणाऱ्या अल्टरनेटरकडून व्होल्टेज ताब्यात ठेवणाऱ्या रेग्युलेटरकडे जाणाऱ्या तीन पिवळ्या वायरींचा कनेक्टर उघडला. पांढरं प्लास्टिक चहाच्या रंगाचं झालं होतं आणि मधली पिन कोळशासारखी काळी. ती पिन सैल होती, म्हणून तापत होती. तापत होती, म्हणून आणखी सैल होत होती. मी कनेक्टर कापून टाकला, जाड वायर घालून नीट क्रिंप केलं, रेग्युलेटर वाऱ्यात येईल असा पुढे सरकवला. तेव्हापासून तिथे काही झालेलं नाही.

मोटरसायकलचा अल्टरनेटर बहुधा कायमस्वरूपी चुंबकाचा असतो, इंजिन फिरतंय तोवर तो वीज करतच राहतो. जुन्या पद्धतीचा रेग्युलेटर जास्तीची वीज शॉर्ट करून उष्णतेत घालवतो. त्यात तो सीटखाली कोंडलेला असला तर त्याचं आणि त्याच्या कनेक्टरचं आयुष्य घटतं.

एक साधा मल्टिमीटर घ्या आणि महिन्यातून एकदा हे करा. गाडी रात्रभर उभी राहिल्यानंतर बॅटरीवर १२.६ व्होल्टच्या वर दिसायला हवं. चालू करून ४,००० आरपीएमवर धरलं की १३.८ ते १४.५ च्या आत. कमी असेल तर बॅटरी चार्ज होत नाही, १५ च्या वर असेल तर रेग्युलेटर गेला आणि तो बॅटरीही घालवणार. चार्जिंग कमी असेल तर तीन पिवळ्या वायरी सोडवून मल्टिमीटर एसीवर घ्या आणि इंजिन चालू ठेवून दोन-दोन वायरींमध्ये मोजा. तिन्ही आकडे सारखे आले तर अल्टरनेटर ठीक, दोष पुढे आहे. इंजिन बंद करून यातली एकही वायर इंजिनच्या धातूशी जोडलेली दाखवत असेल तर वाइंडिंग जळलं.

अर्थिंगही असंच मोजता येतं. एक टोक बॅटरीच्या निगेटिव्हवर, दुसरं इंजिनच्या उघड्या धातूवर ठेवा आणि स्टार्टर मारा. ०.३ व्होल्टपेक्षा जास्त दिसलं तर अर्थची केबल काढून दोन्ही टोकं पॉलिश पेपरने घासा. गाडी सकाळी कुरकुरत सुरू होते म्हणून लोक बॅटरी बदलतात, आणि दोष या एका बोल्टखाली असतो.

एकाच वेळी तीन-चार दिवे लागले तर सेन्सर शोधत बसू नका. आधी व्होल्टेज बघा.

टायर

माझ्या गाडीवर मिळालेल्या टायरांची नक्षी खोल होती, कडेचे रबरी केससुद्धा शाबूत होते. चौथ्या दिवशी हलकासा पाऊस पडून गेल्यावर एका संथ डाव्या वळणातून बाहेर पडताना मी थ्रॉटल जरासा उघडला आणि मागचं चाक सरळ बाजूला गेलं. ताशी ३० सुद्धा वेग नसेल. पडले नाही, पण पाय टेकवावा लागला. घरी येऊन टायरच्या बाजूवरचा शिक्का बघितला: ३२०५. पहिले दोन आकडे आठवड्याचे, पुढचे दोन सालाचे. २००५ च्या बत्तिसाव्या आठवड्यात बनलेला टायर. अंगठ्याचं नख दाबलं तर खूणही उमटेना.

तेव्हा नियम असा ठेवा: पाच वर्षांनंतर दर वर्षी टायर नीट तपासायचा, नक्षीच्या खाचा फाकवून चिरा बघायच्या आणि कडक लागला की किती का नक्षी उरेना, काढून टाकायचा. नवा घेतानाही दुकानात उभं राहून शिक्का वाचा. तीन वर्षं पडून असलेला टायर मी घेत नाही.

कोणता टायर हा प्रश्न आला की बहुतेक जण सर्वांत चिकट मागतात. मिलानच्या पिरेलीचा टायर बऱ्याच इटालियन गाड्यांवर कारखान्यातूनच येतो आणि वर्ल्ड सुपरबाइक शर्यतींना २००४ पासून टायर तीच कंपनी पुरवते. पण त्यांच्या सुपरकोर्सासारखा शर्यतीच्या जवळचा टायर गरम झाल्यावरच पकडतो. रोजच्या थांबत-निघत चालण्यात तो तेवढा तापतच नाही आणि ओल्या रस्त्यासाठी त्याला खाचाही कमी. मी स्पोर्ट-टूरिंग टायर वापरते. रबरात सिलिका जास्त असल्याने थंडीत आणि पावसात पहिल्या वळणापासून पकड मिळते. मागच्या टायरमध्ये मधली पट्टी कडक आणि कडा मऊ असेल तर आणखी चांगलं, कारण सरळ रस्त्यावर मधला भाग झिजून टायर चपटा होतो आणि मग गाडी वळणात तिरपी करताना एका धारेवरून घसरून खाली पडल्यासारखी वाटते. ते जाणवू लागलं की नक्षी शिल्लक असली तरी टायर संपला असं समजा.

आकार बदलण्याआधी गणित करा. १८०/५५ म्हणजे रुंदी १८० मिलिमीटर आणि बाजूची उंची तिच्या ५५ टक्के, ९९ मिलिमीटर. १९०/५० ची उंची ९५ आणि १९०/५५ ची १०४.५. म्हणजे ५० वरून ५५ वर गेलात तर गाडी मागून साडेनऊ मिलिमीटर उचलली जाते. त्याने ती वळणात पटकन पडते, कारण पुढचा फोर्क जरा जास्त उभा होतो. मला हा बदल आवडतो. पण सरळ वेगात हँडल थोडं हलकं होतं आणि ट्रॅक्शन कंट्रोल (मागचं चाक घसरू न देणारी यंत्रणा) असलेल्या गाडीला दोन चाकांचं नवं नातं शिकवावं लागतं, ती सोय आहे का ते बघा. नुसतं रुंद दिसावं म्हणून १८० च्या रिमवर १९० किंवा २०० चढवू नका. टायर चिमटला जातो, आकार बिघडतो आणि गाडी जड होते.

आकारापुढचा शिक्काही वाचा. ७३डब्ल्यू म्हणजे ३६५ किलो भार आणि ताशी २७० किलोमीटरपर्यंतचा वेग. मागे माणूस आणि सामान घेऊन जाणाऱ्याने यात तडजोड करू नये.

हवा मात्र रोजच्या चालवण्यात सगळ्यात मोठा फरक पाडते आणि तिच्याकडेच सगळ्यात कमी लक्ष जातं. टायर गार असताना, निघण्याआधी, स्वतःच्या गेजने मोजा. आकडा गाडीच्या पुस्तिकेतला घ्या. टायरच्या बाजूवर लिहिलेला आकडा कमाल मर्यादेचा असतो, तो भरू नका. माझ्या गाडीला पुढे ३६ आणि मागे ४२ पौंड सांगितलं आहे, एकटी असले तर मी मागे ३८ ठेवते. चालवून आल्यावर आकडा चार-पाच पौंड वाढलेला दिसेल, म्हणून हवा काढू नका.

चालवताना

अशा व्ही-ट्विन गाडीला खालच्या आरपीएमवर ओढायला लावू नका. ३,००० च्या खाली वरच्या गिअरमध्ये ती धक्के देते, चेन आणि क्लच दोन्हींना मार बसतो. एक गिअर खाली घ्या. थांबायला येताना न्यूट्रल गाडी सरकत असतानाच काढा. पूर्ण थांबल्यावर शोधत बसलात तर पहिला आणि दुसरा एवढेच सापडतील. सकाळी चालू केल्यावर उभ्याने रेस देत गरम करण्यापेक्षा अर्ध्या मिनिटात निघा आणि पहिले दहा किलोमीटर संथ चालवा.

दोन-तीन महिने उभी ठेवायचीच असेल तर टाकी काठोकाठ भरा, इंजिन ऑइल आधी बदला, बॅटरीला मेंटेनर (ती चार्ज ठेवणारा छोटा चार्जर) लावा आणि चाकं जमिनीपासून उचलून ठेवा. आठवड्याला दोन मिनिटं सुरू करून बंद करू नका. तेवढ्यात इंजिन तापत नाही, ऑइलमध्ये पाणी तेवढं साठतं. एक तर अर्धा-पाऊण तास फिरवून आणा, नाहीतर हात लावू नका. ब्रेक आणि क्लचचं ऑइल हवेतला ओलावा ओढतं, ते दर दोन वर्षांनी बदला, गाडी चालली असो वा नसो.

गेल्या आठवड्यात मी मागचा टायर बदलला. नव्या टायरवर गुळगुळीत थर असतो म्हणून पहिले १०० किलोमीटर कोरड्या रस्त्यावर हळूहळू, दर वळणात थोडी जास्त तिरपी करत काढले. घरी आल्यावर कडेला बोटभर पट्टी अजून चकचकीत होती. वहीत तारीख लिहिली, तिच्यापुढे शिक्क्याचे चार आकडे, आणि सगळ्यात शेवटी किलोमीटर.